डावी नळी

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. थांबा मित्रांनो, मागे सरकू नका! आज मी रिकामी आहे. हेच वाक्य माझ्याबद्दल एका कागदावर तीन वर्षं लिहिलेलं होतं आणि तीन वर्षं ते साफ खोटं होतं. आज ते खरं आहे, म्हणून तर बोलावंसं वाटतंय. पोटात ओझं असताना कुणाला गप्पा सुचतात?

माझा पत्ता सांगते. पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला लागून एक लांबट खोली आहे. तिला मुद्देमालाची खोली म्हणतात. ज्या वस्तूंवरून भांडण चालू असतं त्या वस्तू भांडण मिटेपर्यंत इथे राहतात. भांडणारी माणसं आपापल्या घरी जेवतात, झोपतात. वस्तूंनी मात्र कुणाचं काय घोडं मारलंय कोण जाणे, त्या इथे कोंडलेल्या. खोलीला खिडकी नाही. दाराऐवजी लोखंडी जाळी आहे आणि जाळीच्या आत एक टेबल, एक खुर्ची, एक बल्ब. माझ्या एका बाजूला चोरीची सायकल उभी आहे. दुसऱ्या बाजूला एक भला मोठा कर्णा आहे. फार आरडाओरडा करतो म्हणून त्याला उचलून आणला, आणि आता बिचारा अवाक्षर काढत नाही. मला त्याची दया यायची, कारण माझीही तीच गत होती. सांगण्यासारखं एकच वाक्य माझ्यापाशी होतं आणि ते सांगायला तोंड नव्हतं. तोंडं तशी दोन आहेत मला, पण ती बोलायला लागली तर कुणाचं भलं होत नाही.

तर मूळ गोष्ट. माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, एका म्हाताऱ्या कारागिराच्या घरामागची शेड होती ती. त्याने दोन पोलादी नळ्या डाख देऊन एकमेकींना जोडल्या, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता तासला आणि आठवडाभर तेल चोळून तो गुळगुळीत केला. मला विकत घ्यायला आलेला माणूस फौजेतून नुकताच सुटला होता. त्याला बँकेत पहारेकऱ्याची नोकरी लागत होती, पण बंदूक आणि परवाना ज्याचा त्याने आणायचा अशी अट होती. कारागीर माझी किंमत सांगायच्या आधी त्याला म्हणाला, "रोज काम संपलं की हिला उघडायची. दिव्यासमोर धरून नळ्यांतून बघायचं. दोन्हीकडून उजेड दिसला तरच घरात न्यायची. आळस करणार असशील तर काठी घे, बंदूक घेऊ नकोस."

त्या माणसाने मान डोलावली आणि शब्द पाळला. हेच माझे काका. त्यांना बँकेत येणारे सगळेच बंदूकवाले काका म्हणायचे, म्हणून मीही म्हणते.

बावीस वर्षं आम्ही दोघं बँकेच्या काचेच्या दाराशी बसलो. काका स्टुलावर आणि मी त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी. बँकेचा नियम असा, की बंदूक रिकामी आणि काडतुसं कमरेच्या पट्ट्यात. पट्ट्याला दहा कप्पे होते, दहाच्या दहा भरलेले. त्या बावीस वर्षांत मी एकही बार काढला नाही. आईचा हात धरून आलेली मुलं मला बघून डोळे मोठे करायची. "काका, खरी आहे?" असं विचारायची. काका गंभीर चेहरा करून म्हणायचे, "खोटी असती तर एवढी जड कशाला केली असती? धरून दाखवू का तुझ्या आईला?" मग आई हसायची, मूल आईच्या मागे लपायचं. मला तेवढं पुरे होतं. न बोलता, न वाजता, नुसतं दिसूनही एखाद्याला काम करता येतं, मित्रांनो. दाराशी बसलेली आजी घराला धाक असते, तसाच माझा धाक होता.

संध्याकाळी घरी गेल्यावर ओट्यावरच काका मला उघडायचे. मधला खटका दाबून नळ्या खाली मोडल्या की मी अर्ध्यात वाकते. मग ते मला दिव्याकडे धरून एक डोळा मिटायचे आणि आत आवाज द्यायचे, "दोन्हीकडून उजेड!" आतून काकूंचा आवाज यायचा, "बरं. हात धुवून घ्या." हाताला तेल लागायचं ना! मगच मला उंबरठ्याच्या आत प्रवेश. काका सकाळी भांडून गेले असले तरी हे दोन शब्द चुकायचे नाहीत. काकू रुसल्या असल्या तर नुसतं "बरं" म्हणायच्या, हातांची चौकशी करायच्या नाहीत.

आता तो दिवस सांगते. बँकेत अचानक आवई उठली, की पलीकडच्या गल्लीत सोनाराच्या दुकानात चोर शिरलेत. मॅनेजरसाहेब केबिनमधून धावत बाहेर आले. घाबरून त्यांचा चष्मा कपाळावर चढला होता. "काका, भरा! बंदूक भरा!" काकांनी मला उघडलं, पट्ट्यातलं एक हिरवं काडतूस काढलं आणि डाव्या नळीत सरकवलं. माझ्या पोटात थंडगार काहीतरी बसलं. थोड्या वेळाने कळलं, की चोर वगैरे कुणी नव्हतं, दुकानाचं शटर निसटून खाली आलं होतं. सगळे हसले. काकाही हसायला गेले आणि हसता हसता पोट धरून खाली बसले. सकाळपासून दुखत होतं, पण सांगतील ते काका कसले! कपाळावर घाम, ओठ पांढरे. लोकांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा त्रास निघाला, तातडीने पोट उघडावं लागलं. बँकेच्या शिपायाने मला माझ्या कापडी खोळीत घातलं आणि घरी नेऊन काकूंच्या हवाली केलं. काकूंनी मला कपाटात ठेवलं. त्या दिवशी कुणी उजेड बघितला नाही.

काका महिनाभर अंथरुणावर होते. तेवढ्यात माझ्या परवान्याची मुदत उलटून नऊ दिवस झाले. ठाण्यातून कागद आला, की परवाना नवा होईपर्यंत बंदूक जमा करा. काका कायद्याचे पक्के. पोटाचे टाके ओले होते, तरी दुसऱ्याच दिवशी मला खोळीसकट घेऊन ते ठाण्यात हजर झाले.

मुद्देमालाच्या खोलीचा कारभार एका बाईंकडे आहे. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की त्या येण्याआधी त्यांचा आवाज येतो. सगळं ठाणं त्यांना किल्लीबाई म्हणतं. त्या दिवशी त्यांच्या टेबलापुढे ही गर्दी. त्यांनी मला खोळीतून काढलं आणि विचारलं, "काका, भरलेली नाही ना?"

साधा प्रश्न होता. त्याचं साधं उत्तर होतं, की थांबा, बघून सांगतो. पण काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, बावीस वर्षं हिला सांभाळतोय मी. भरलेली बंदूक ठाण्यात आणायला मी काय दूधखुळा आहे?"

"तसं नाही हो, नियम आहे." असं म्हणत किल्लीबाईंनी माझा खटका दाबला. महिनाभर तेल नव्हतं, मी जाम झाले होते. त्यांनी पुन्हा जोर लावला. मी हलले नाही. काकांच्या हातून मी सहज उघडले असते, पण मला मोडायला पोटाचा रेटा द्यावा लागतो, आणि त्यांच्या पोटाला टाके होते. ते कसं सांगायचं? त्यापेक्षा ते म्हणाले, "राहू द्या, नखं तुटतील. मी लिहून देतो." आणि त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं: मी स्वतः तपासली आहे, बंदूक रिकामी आहे. खाली सही. किल्लीबाईंनीही 'तपासली' असं लिहून आपली सही ठोकली, माझ्या चापाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आणि मला भिंतीशी उभं केलं. एकाची ऐट, दुसरीची घाई. मध्ये मी, पोटात काडतूस घेऊन.

त्याच दुपारी काकूंनी घर आवरताना पट्टा खुंटीवरून काढला आणि विचारलं, "अहो, यातला एक कप्पा रिकामा कसा?" हे मला पुढे काकांकडूनच कळलं, जाळीशी उभं राहून ते माझ्याशी पुटपुटायचे तेव्हा. तो रिकामा कप्पा बघून त्यांना पुन्हा घाम फुटला, अगदी दवाखान्यात नेलं तेव्हासारखा.

ते तसेच उठून ठाण्यात आले. जाळी बंद होती. ठाण्याचे मोठे साहेब बाहेर खुर्चीवर चहा पीत होते. काका म्हणाले, "साहेब, जरा बंदूक हवी होती. पाच मिनिटं. तेल लावायचं राहिलंय."

"काका, जमा झालेल्या वस्तूला हात लावायचा नाही. नवा परवाना दाखवा, बंदूक घेऊन जा. मग आंघोळ घाला तिला."

ठाण्यात हशा पिकला. खरं सांगितलं तर भरलेली बंदूक जमा केल्याचा आणि खोटं लिहून दिल्याचा गुन्हा. म्हणजे परवाना कायमचा गेला. परवाना गेला की बँकेतलं स्टूल गेलं, आणि बावीस वर्षांचं नाव गेलं. न सांगावं तर आत माझ्या पोटात काडतूस, आणि माझ्यासमोर रोज बसणारी एक जितीजागती बाई. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काका घरी परत गेले.

त्यांनी मनाशी ठरवलं, की परवाना पटकन नवा करायचा, मला बाहेर काढायचं आणि काडतूस गुपचूप काढून टाकायचं. पण परवान्याच्या कचेरीत सांगितलं, "आधी बंदूक दाखवा, मग परवाना." ठाण्यात म्हणाले, "आधी परवाना, मग बंदूक." काका आठ महिने या दारातून त्या दारात फिरले. शेवटी त्यांनी वकील केला आणि ठाण्याविरुद्ध अर्ज लावला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण शहाणपणाची वेळ त्या टेबलापाशी टळून गेली होती, आता पायऱ्याच उरल्या होत्या. लोक म्हणायचे, "म्हातारा हट्टी आहे हो, एका जुन्या बंदुकीसाठी पोलिसांशी वैर घेतलं." हट्ट नव्हता तो, मित्रांनो. ती भीती होती. पण भीती ओळखू येत नाही म्हणून लोक तिला हट्ट म्हणतात.

बँकेने काकांना काढलं नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, "निकाल लागेपर्यंत दार उघडायचं काम करा. बंदूक आली की स्टूल तुमचंच." म्हणजे आता काका उभे राहून लोकांना दार उघडायचे आणि स्टूल कोपऱ्यात त्यांची वाट बघत होतं.

आणि मी? मी भिंतीशी उभी. माझ्या पोटातल्या काडतुसावर हिरवा गंज चढत होता. माझा सुरक्षेचा खटका जुना, सैल. किल्लीबाई सकाळी आल्या की आपली पिशवी माझ्या नळीच्या टोकाला अडकवायच्या. खुंटीच झाले होते मी! पिशवीत डबा असायचा. डबा हलला की मी हलायची, आणि मी हलले की आत तेही हलायचं. बाई, दुसरीकडे अडकवा हो पिशवी! कितीदा ओरडले असेन मनातल्या मनात. वर्षातून एकदा वरचे अधिकारी तपासणीला यायचे. चिठ्ठी वाचायचे, वही वाचायचे. "बंदूक एक, रिकामी. बरोबर." पुढे. वहीत रिकामी म्हणजे रिकामी. मला उघडून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी जाम खटक्याशी झटापट कोण करणार?

दर मंगळवारी बँकेला जायच्या आधी काका जाळीपाशी यायचे. किल्लीबाईंना वाटायचं, काय हे प्रेम! "काका, पोरीला सासरी भेटायला यावं तसे येता तुम्ही," असं त्या चिडवायच्या. काका कसनुसं हसायचे. "बाई, हिचं तोंड तेवढं भिंतीकडे करून ठेवा."

"का हो? रुसलीय का आमच्यावर?"

एकदा मात्र फार वाईट झालं. खोलीत एक पोतं ठेवताना सायकल कलंडली आणि माझ्यावर रेलली. मी फिरून तिरकी झाले. माझं तोंड थेट किल्लीबाईंच्या खुर्चीकडे, आणि सायकलचं पेडल माझ्या चापाच्या कडीत जाऊन बसलं. अगदी चापाला टेकून. त्या मंगळवारी काकांनी जाळीतून पाहिलं आणि त्यांचे हात जाळीवर गच्च आवळले.

"बाई, ती सायकल काढा."

"काका, पंच बोलावल्याशिवाय मुद्देमाल हलवता येत नाही. पुढच्या तपासणीला काढू."

"मग तुमची खुर्ची सरकवा. तिकडे, कोपऱ्यात."

"का?"

काकांनी जाळीतून त्या पेडलकडे पाहिलं. आता सांगतील, आता सांगतील म्हणून मी वाट बघत होते. शेवटी ते म्हणाले, "तिथे पाठीला वारा लागतो."

बंद खोलीत कुठला आलाय वारा! पण किल्लीबाई भल्या. म्हाताऱ्याच्या शब्दाला मान द्यायचा म्हणून त्यांनी खुर्ची हातभर सरकवली. हातभरच. सात महिने ते पेडल माझ्या चापाला टेकून राहिलं. सात महिने मी त्या बाईच्या पाठीकडे बघत होते. तिच्या वेणीतला पांढरा केस मला पाठ झाला. मी लोखंड आहे, मला घाम येत नाही. आला असता तर खोलीत तळं झालं असतं.

काकू घरी रोज म्हणायच्या, "अहो, सांगून टाका ना एकदा." काका म्हणायचे, "निकाल जवळ आलाय गं. थोडंच राहिलंय." असं थोडंच राहिलंय म्हणत तीन वर्षं गेली.

शेवटी निकालाची तारीख आली. न्यायाधीशांनी हुकूम दिला, की बंदूक कोर्टात आणून दाखवा. पंच आले, सायकल उचलली गेली. पेडल कडीतून निघताना चापाला घासून गेलं आणि मी गपकन डोळे मिटावेत तशी थिजले. काही झालं नाही. किल्लीबाईंनी मला कापडात गुंडाळलं आणि स्वतः कोर्टात नेलं.

कोर्टाची खोली भरलेली होती. पंखा कुरकुरत होता. न्यायाधीशांसमोर लांब टेबल, त्यावर मी. टेबलाच्या पलीकडे वही घेऊन किल्लीबाई उभ्या. मागच्या बाकावर काका आणि काकू. काकांच्या वकिलाने आवाज चढवून सांगितलं, "परवान्याची मुदत नऊ दिवसांनी चुकली म्हणून माणसाची तीन वर्षं अडकवली! हे म्हणतात ते आणा, ते म्हणतात हे आणा. माझ्या अशिलाने करायचं काय?" न्यायाधीशांनाही ते पटलं होतं. त्यांनी टायपिस्टकडे बघून निकाल सांगायला सुरुवात केली. "अर्जदाराची वागणूक निर्दोष आहे. सबब बंदूक परत मिळण्याचा अर्ज मंजूर..." टायपिस्टची बोटं टकटक चालू होती. काकूंनी काकांचा हात धरला. पाच मिनिटं, मित्रांनो. पाच मिनिटांत सही झाली असती, मी घरी गेले असते, ओट्यावर सगळं निस्तरलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं.

सरकारी वकील हरले म्हणून चिडले होते. त्यांनी मला उचललं. "निदान एवढी नोंद घ्यावी, की ही भंगार आहे. हा खटकासुद्धा हलत नाही, बघा..." त्यांनी अंगठ्याने सुरक्षेचा खटका ढकलला. तो नेमका हलला. त्यांचं बोट चापावर गेलं आणि माझं तोंड किल्लीबाईंच्या छातीसमोर आलं.

"हात काढा!"

काका उभे राहिले होते. फौजेतला आवाज होता तो, मी आधी कधी ऐकला नव्हता. पंख्याखाली सगळे वळून बघायला लागले. सरकारी वकील हसले. "अहो, घाबरताय काय? रिकामी आहे. तुम्हीच लिहून दिलंय."

काकांच्या वकिलाने त्यांची बाही ओढली. "काका, बसा खाली. निकाल आपल्या बाजूने लागतोय. बसा!"

मी त्या बोटाखाली होते. बोला काका, बोला!

"खोटं लिहून दिलंय मी," काका म्हणाले. "डावी नळी भरलेली आहे. तीन वर्षं भरलेली आहे. हात काढा आणि तिचं तोंड वर करा."

टायपिस्टची बोटं 'मंजूर' या शब्दावर थांबली. सरकारी वकिलांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचे हात इतके थरथरायला लागले, की तेच जास्त धोक्याचं होतं. काका बाकांच्या मधून चालत आले, त्यांनी माझी नळी छताकडे वळवली, बोट हळूच बाजूला केलं आणि मला आपल्या हातात घेतलं. तीन वर्षांनी. मग पोटाचा रेटा देऊन त्यांनी मला मोडलं. मी कर्रकन उघडले. आतलं काडतूस गंजून फुगलं होतं, नखाने ओढून काढावं लागलं. ते त्यांनी न्यायाधीशांसमोर टेबलावर ठेवलं.

आणि मग त्यांनी काय केलं ठाऊक आहे? बावीस वर्षांची सवय! त्यांनी मला छताच्या दिव्याकडे धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "दोन्हीकडून उजेड."

मागच्या बाकावरून काकूंचा रडवेला आवाज आला, "बरं. हात धुवून घ्या."

कुणी हसलं नाही.

मित्रांनो, खरं बोललं की सगळं छान होतं असं तुम्हाला सांगितलं जातं. मी तसं सांगणार नाही. तो निकाल अर्धवटच राहिला. अर्ज फेटाळला गेला. काकांवर खोटं लिहून दिल्याचा खटला उभा राहिला. परवाना रद्द झाला आणि बँकेच्या स्टुलावर दुसरा माणूस बसला. न तपासता सही केली म्हणून किल्लीबाईंची बढती अडली. आणि मी आता त्या नव्या खटल्याचा पुरावा झाले. जुनी चिठ्ठी गेली, नवी चिठ्ठी आली. तीच खोली, तोच बल्ब, तोच मुका कर्णा. गंजलेलं काडतूस माझ्याशेजारी एका पाकिटात मोहोर लावून ठेवलं आहे. आम्हा दोघांना इथून कधी सोडतील, देव जाणे.

काका पुढचे कितीतरी मंगळवार आले नाहीत. आले तेव्हा जाळीपासून दूर उभे राहिले. किल्लीबाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "सात महिने माझ्या पाठीवर नेम धरून बसवलंत मला, काका. म्हणे वारा लागतो! माझी दोन पोरं आहेत घरी. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं, पोरी. लाज वाटायची."

"लाज!"

"हो. त्या दिवशी या टेबलापाशी 'थांबा, बघून सांगतो' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. मग पुढे दर दिवशी ते जास्तच अवघड होत गेलं."

किल्लीबाईंनी वही मिटली. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "नखं तुटली असती तर तुटली असती." मग त्यांनी एक मोडकं स्टूल पायाने जाळीच्या बाहेर सरकवलं. "बसा. उभे किती वेळ राहणार?"

माझं मागणं एवढंच आहे, मित्रांनो. माझ्यासारख्या वस्तूंना तेल लावा, जपा, हे तर मी सांगेनच. आणि कुणी तुम्हाला विचारलं, नीट बघितलंस का, तर रागावू नका. तुम्ही कितीही हुशार असा, पुन्हा एकदा उघडून बघा. आणि चूक झालीच, तर ती आजच सांगा. आज ती तळहातावर मावते. तीन वर्षांनी ती टेबलावर ठेवायला भर कोर्टात उठून उभं राहावं लागतं.

ठाण्यात आता नवा नियम झाला आहे, की दर मंगळवारी पंचांसमोर प्रत्येक बंदूक उघडून बघायची. काका जाळीबाहेरच्या स्टुलावर बसतात. त्यांना मला हात लावायची परवानगी नाही. ते तिथूनच सांगतात, "खटका दाब. आता पोटाने रेट. भिऊ नकोस, उघडेल." मी आता कुरकुर न करता उघडते. किल्लीबाई मला बल्बकडे धरतात आणि एक डोळा मिटतात. जाळीपलीकडे काका श्वास रोखून बसलेले असतात, दर वेळी.

"दोन्हीकडून उजेड, काका."

"बरं," काका म्हणतात. "हात धुवून घे, पोरी."